शस्त्रक्रियेनंतरची वेदना

शस्त्रक्रिया पार पडली, एवढें ऐकलें कीं घरची मंडळी निःश्वास टाकतात. रोगिणीची कसोटी मात्र भूल उतरल्यावर लागते. स्तनाच्या कर्करोगांत ही वेदना छातींतून काखेंत व दंडांत पसरते. कित्येकींना ती महिनोनमहिने सोडीत नाहीं. पुणें-दौंड लोहमार्गावरील पाटससारख्या गांवांतून पुण्यामुंबईस येऊन शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या स्त्रीला घरीं परतल्यावर त्याच हातानें भाकरी थापावयाची असते, खुरपें धरावयाचें असतें.

१८११ सालीं इंग्लिश लेखिका फॅनी बर्नी हिनें पॅरिस येथें भुलीवांचून ही शस्त्रक्रिया सोसली. १८४६ त बोस्टन येथें ईथरचा जाहीर प्रयोग झाला. पण ईथरचा अंमल ओसरला कीं वेदना जागी होई. १८८४ त व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनें कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला. लगेच न्यूयॉर्कमध्यें विल्यम हॅल्स्टेडनें तें औषध मज्जातंतूजवळ टोंचून शरीराचा तेवढाच भाग बधिर करण्याची युक्ति योजिली. स्वतःवर प्रयोग करतां करतां त्याला कोकेनचें व्यसन जडलें. याच हॅल्स्टेडनें १८९४ त स्तनाबरोबर छातीचा स्नायूहि काढून टाकणारी मोठी शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, व ती अनेक दशकें जगभर रूढ झाली. शस्त्र व सुई एकाच हातांत आलीं होतीं. रोगिणीच्या खाटेशीं त्यांची गांठ पडण्यास मात्र फार काळ लागला.

१९०५ त जर्मनींत कण्यालगतचे मज्जातंतु बधिर करण्याची रीति निघाली. ती मागें पडून १९७९ त पुन्हां वर आली. २०११ त राफाएल ब्लांको यांनीं छातीच्या दोन स्नायूंमधील थरांत औषध सोडण्याची सोपी रीति वर्णिली. ध्वनिलहरींच्या यंत्रावर सुई दिसूं लागल्यानें फुप्फुसास इजा होण्याचें भयहि घटलें. अशा बधिरीकरणानें पहिल्या दिवसाची वेदना हलकी होते व अफूच्या जातीचीं औषधें कमी लागतात.

१९४१ त परळ येथें उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयानें बधिर करणाऱ्या औषधाविषयीं निराळाच प्रश्न विचारला. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालीं भारतांतील ११ केंद्रांत सुमारें १,६०० स्त्रियांची चांचणी झाली. त्यांपैकीं निम्म्या स्त्रियांच्या गांठीभोंवतीं शस्त्र लावण्याच्या कांहीं मिनिटें आधीं लिडोकेन टोंचलें. २०२३ त प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें पांच वर्षांनंतर हयात असणाऱ्यांचें प्रमाण औषध न दिलेल्या गटांत ८६.४ टक्के, तर दिलेल्या गटांत ९०.१ टक्के आढळलें. या चांचणींत मोजलें गेलें तें आयुष्य. वेदनेचा हिशेब वेगळा. पण लिडोकेन हें स्वस्त व दांत काढणाऱ्या वैद्याच्याहि नित्य वापरांतलें औषध आहे. वेदना अडविण्यासाठीं शोधलेल्या औषधानें आयुष्याची दोरीहि बळकट व्हावी, ही आशा त्यांतून उभी राहिली आहे.