तळटीप २३ : ‘लोणावळ्याचा आश्रम’

२३. तिकोणा पेठेतली आजी ज्याला नुसतं ‘आश्रम’ म्हणते, ते लोणावळ्याचं कैवल्यधाम. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे, १८८३–१९६६) यांनी ते १९२४ साली स्थापलं आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. योगक्रियांचा शरीरावर होणारा परिणाम त्यांनी उपकरणांनी तपासला. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब किती उतरतो, हेही मोजून पाहिलं.

‘जीव घाबरतो, हातपाय कापतात, श्वास पुरत नाही’ ही आजीची तक्रार वाचकाने नीट ऐकावी. पतंजलीच्या योगसूत्रांत (१.३१) चित्त विखुरलं की सोबत येणारी चार लक्षणं सांगितली आहेत : दुःख, दौर्मनस्य (मनाची खिन्नता), अंगमेजयत्व (अंगाचा कंप) आणि बिघडलेला श्वास-प्रश्वास. तीव्र चिंतेने ग्रासलेला माणूस आज मानसोपचारतज्ज्ञासमोर बसून बहुतेक हेच सांगतो. तीनच सूत्रांनंतर (१.३४) श्वास बाहेर सोडून रोखण्याचा उपाय येतो. आजच्या उपचारांतही श्वास सावकाश सोडायला शिकवतात.

तरी दोन्ही वाटांचे मुक्काम वेगळे. सूत्रकाराला समाधी गाठायची आहे. उपचारकाला माणसाची झोप, भूक आणि कामातलं लक्ष परत आणायचं आहे. म्हणून प्राणायाम जरूर करावा, पण डॉक्टरांनी दिलेली गोळी त्यासाठी बंद करू नये. आजीला दोन्हींची गरज होती. — संपा.