वाकड्या अक्षरांचा पहारा

रात्री गडाच्या दरवाजाशी पहारेकरी परवलीचा शब्द विचारी. तो बरोबर आला तरच दिंडी उघडे. संगणकाच्या पासवर्डला आपण मराठीत तेच नाव दिले. पण तुम्ही कोण हे न विचारता, तुम्ही माणूस की यंत्र एवढेच विचारणाराही एक पहारेकरी संगणकावर आहे. वसई-विरारहून कोकणात जाणाऱ्यांना तो चांगला ठाऊक. तत्काळ तिकिटाच्या ऐन घाईत रेल्वेच्या संकेतस्थळावर वाकडीतिकडी अक्षरे समोर येतात, ती ओळखून टंकावी लागतात. दलालांच्या सॉफ्टवेअरने तिकिटे पळवू नयेत म्हणून हा अडसर. त्याचे नाव कॅपचा.

त्याची जन्मकथा गमतीची आहे. १९९७च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राकडे यंत्रे आपोआप पत्ते पाठवून गोंधळ घालू लागली. आंद्रेई ब्रोडर आणि सहकाऱ्यांनी मग स्कॅनरचे माहितीपुस्तक काढले. छापील मजकूर यंत्राला नीट वाचता यावा म्हणून अक्षरांचे वळण एकसारखे, पार्श्वभूमी साधी ठेवा, अशा त्यात सूचना होत्या. यांनी नेमके उलटे केले! पुसट छापा माणूस अंदाजाने वाचतो, यंत्र अडते. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन आणि मंडळींनी या कल्पनेला शास्त्र दिले, नावही दिले. ॲलन ट्युरिंगने १९५० साली सुचवलेल्या कसोटीत माणूस यंत्राची परीक्षा घेणार होता. इथे यंत्रच परीक्षक झाले.

२००७ मध्ये फॉन आनने आणखी एक युक्ती काढली. दोन शब्द दाखवायचे: एक यंत्राला ठाऊक असलेला, दुसरा जुन्या छापील पानावरचा, त्याला न वाचता आलेला. लोक दार उघडण्यासाठी दोन्ही वाचत, आणि न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक संगणकावर उतरत. अक्षरांवर जगणाऱ्या मला याचा हेवा वाटतो. आपल्या जुन्या मराठी मासिकांच्या पिवळ्या पानांना असे लाखो वाचक मिळते तर!

पण यंत्रही शिकत गेले. अवघडातली अवघड अक्षरेही आपले यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचते, असे गूगलने २०१४ मध्येच सांगितले. अडकला तो माणूस. ज्याला दिसत नाही, त्याला चित्रातले अक्षर कसे कळणार? बँकेच्या ओळखपडताळणीत तर जिवंतपणाचा पुरावा म्हणून कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटायला सांगू लागले. ॲसिडने ज्यांचे डोळे जळाले, त्यांनी काय करायचे? अशाच एका पीडितेची आणि एका दृष्टिहीन नागरिकाची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आणि पापणी मिटण्याखेरीज दुसरे मार्गही मान्य करायला सांगितले.