जागा आणि सोबत : मुंबईच्या चित्रपटांतील एकाकी माणूस

महानगरातील एकाकीपणा हा चित्रपटकलेचा जुना विषय आहे. किंग व्हिडोर ह्याच्या ‘द क्राउड’ (१९२८) ह्या मूकपटातील नायक कचेरीतल्या एकसारख्या मेजांच्या ओळींत हरवून जातो. पाश्चात्त्य समीक्षेने ह्या अवस्थेस ‘परात्मता’ म्हटले, आणि आपल्या समीक्षेनेही ती संज्ञा बहुधा जशीच्या तशी उचलली. परंतु मुंबईवरील चित्रपट कालक्रमाने पाहू लागले की ही संज्ञा तोकडी पडते. ह्या शहरात ज्याला सोबत आहे त्याला जागा नाही. आणि ज्याला जागा आहे त्याला सोबत नाही. ह्या दुहेरी उणिवेचा इतिहास हाच ह्या चित्रपटांचा खरा विषय होय.

राजा ठाकूर ह्यांच्या ‘मुंबईचा जावई’ (१९७०) मध्ये आणि त्यावरून बासू चतर्जी ह्यांनी काढलेल्या ‘पिया का घर’ (१९७२) मध्ये नवविवाहित जोडपे चाळीतल्या भरल्या घरात राहते. माणसे मायेची आहेत. पण दोघांना चार शब्द बोलावयास कोपरा नाही. प्रेक्षक हसतो ते ह्या कुचंबणेला. तरीही हिंदी चित्रपटाच्या अखेरीस सुनेने जाऊ नये म्हणून घरातील एकेकजण स्वतःच बाहेर पडावयास निघतो, तेव्हा गर्दी आणि जिव्हाळा ह्या घरात एकाच चुलीवर शिजतात हे उमगते.

पुढे हे हास्य मावळते. भीमसेन ह्यांच्या ‘घरौंदा’ (१९७७) मधील प्रेमिक सदनिकेसाठी पै पै साठवितात आणि ती रक्कम बुडते. घराच्या आशेने तरुण आपल्या प्रेयसीला धनवान, हृदयविकारी मालकाशी लग्न करावयास सुचवितो. जागेच्या हव्यासात सोबतच गहाण पडते. १९९० च्या सुमारास गिरीश कासारवल्ली ह्यांनी कन्नडात ‘मने’ केला. त्यात खेड्यातून शहरात आलेल्या दांपत्यास खोली मिळते. मात्र शेजारच्या शेडमधील गोंगाट त्यांचा एकांत हिरावून घेतो. ही व्यथा एकट्या मुंबईची नव्हे, हे त्यावरून दिसते.

रितेश बत्रा ह्यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) मध्ये पारडे फिरते. विधुर साजन फर्नांडिसला घर आहे, इलालाही घर आहे. दोघांच्याही घरी बोलावयास माणूस नाही. अचूकपणाबद्दल नावाजलेली डबेवाल्यांची व्यवस्था चुकते, आणि त्या चुकीतून चिठ्ठ्यांचा संवाद सुरू होतो. वरच्या मजल्यावरच्या देशपांडेबाई तर पडद्यावर दिसतच नाहीत. त्यांचा केवळ आवाज ऐकू येतो आणि दोरीने सोडलेली टोपली दिसते. चाळीत अंगावर येणारा शेजार येथे एका आवाजापुरता उरला आहे.

पायल कपाडिया ह्यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ (२०२४) ह्या चित्रपटात दोन्ही उणिवा एकत्र येतात. कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळविणाऱ्या ह्या कृतीत मल्याळी परिचारिका प्रभा हिच्याकडे परदेशस्थ पतीचे पत्र येत नाही, जर्मनीहून भात शिजविण्याचे यंत्र तेवढे येते. तिची सोबतीण अनू हिला प्रियकर आहे, भेटावयास जागा नाही. रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती ही गिरणीकामगाराची विधवा. घराची कागदपत्रे नाहीत म्हणून तिला बिल्डरपुढे हार मानावी लागते आणि ती रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते. अखेरीस समुद्रकाठच्या दिवे लावलेल्या टपरीत चौघेजण शांतपणे बसलेले दिसतात. जागा व सोबत ह्यांची गाठ पडते, पण मुंबईबाहेर.

गिरणगावातील खोल्यांत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांच्या मुलुखात एकाकीपणास केवळ मनोव्यथा मानणे म्हणजे त्याचे भाडे, पागडी आणि चौरस फूट विसरणे होय. पण त्याचा हिशेब केवळ चौरस फुटांत मांडला, तर इलाच्या रित्या स्वयंपाकघराचे उत्तर मिळत नाही. ह्या चित्रपटांचे मोल असे की त्यांनी दोन्ही खाती एकाच वहीत ठेवली. ती तशीच वाचणे हे समीक्षेचे काम आहे.