प्रोसेसर बसवताना जोर कोणी लावायचा?

सर्व्हरमध्ये प्रोसेसर बसवणं हे काम काही मिनिटांचं. पण त्याचा इतिहास आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना ओळखीचा वाटतो. माणसाचा हात चुकणार हे धरूनच चाललं, तर त्या चुकीचा भार कोणावर टाकायचा? माणसावर, की वस्तूच्या घडणीवर?

१९७१ साली इंटेलचा ४००४ आला, त्याला १६ पिना होत्या. १९७८च्या ८०८६ला ४०. दोन्ही बाजूंना गोमेच्या पायांसारख्या रांगा. अंगठ्यानं दाबायचा, एखादा पाय वाकला तर चिमट्यानं सरळ करायचा. पुढे पिना पोटाखाली गेल्या. १९८९च्या ८०४८६ला अशा १६८ पिना होत्या. आता गंमत बघा. एका पिनेचं घर्षण किरकोळ. पण सगळ्या एकदम बसवायच्या म्हटल्यावर साध्या सॉकेटात सुमारे १०० पौंड, म्हणजे ४५ किलोचा जोर लागे. खाली मदरबोर्ड, तो लवणार. ‘जपून दाबा’ असं पुस्तिकेत छापून काय उपयोग? ४५ किलो जपून कसे दाबायचे?

उत्तर मिळालं ते एका छोट्या दांडीत. या सॉकेटला ‘झिफ’ म्हणतात. दांडी उभी केली की छिद्रं सैल होतात आणि प्रोसेसर स्वतःच्या वजनानं खाली बसतो. दांडी आडवी केली की पिना पकडल्या जातात. आमच्या मते या कथेतली सर्वांत मोठी घटना हीच. कारण इथे नियमच उलटला. जोर लावावासा वाटला, तर थांबा. बहुधा कोपऱ्यातला त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळलेला नाही.

२००४ मध्ये इंटेलनं एलजीए ७७५ आणलं. पिना प्रोसेसरवरून निघून सॉकेटात गेल्या, प्रोसेसरच्या पोटाला नुसत्या सपाट टिकल्या उरल्या. २००६ मध्ये झिऑन आणि ऑप्टेरॉन हे सर्व्हरचे प्रोसेसरही त्याच वाटेनं गेले. कारणं तांत्रिक होती, परिणाम मात्र हिशेबाचाही झाला. महागडा प्रोसेसर निर्धास्त, आणि वाकण्याचं संकट मदरबोर्डाच्या माथी! म्हणून तर काही मदरबोर्डांच्या पुस्तिकांत बजावलेलं असतं, की सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण जपा, त्याविना बोर्ड परत घेणार नाही. या स्प्रिंगदार पिना इतक्या बारीक की बोट फिरलं किंवा प्रोसेसर निसटून तिरका पडला, तरी कारभार आटोपला.

वाकलेली पिन निदान दिसते तरी. स्थिर विजेचं तसं नाही. तिचा चटका माणसाला जाणवायला सुमारे ३००० व्होल्ट लागतात. चिपच्या आतला पातळ थर त्याहून पुष्कळ कमीत फाटू शकतो. इजा होते आणि करणाऱ्याला पत्ताच नसतो. जबाबदारीचा विचार करणाऱ्यानं याहून अवघड उदाहरण शोधून दाखवावं. म्हणून मनगटाला पट्टा बांधायचा आणि त्याची तार सर्व्हरच्या उघड्या धातूला जोडायची. त्या तारेत १० लाख ओहमचा रोध असतो, तो चिपसाठी नाही हं, माणसासाठी. चुकून जिवंत तारेला हात लागला तर प्रवाह आटोक्यात राहावा. अर्थात पट्टा बांधला म्हणून वीजजोडणी तशीच ठेवायची नाही; सर्व्हरला असतील तेवढ्या सगळ्या पॉवर केबल आधी काढायच्या.

मग २०१७ मध्ये एएमडीचा एपिक आला, ४०९४ संपर्कांचा. तो प्लास्टिकच्या चौकटीतच येतो. चौकट रुळांत सरकवायची, संपर्कांना बोट लावायचं कारणच नाही. पण हजारो स्प्रिंगा एकदम दाबायच्या, म्हणजे घालवलेला जोर परत आला. तो आता तीन स्क्रूंमधून येतो, आणि ठरावीक टॉर्कला थांबणारा स्क्रूड्रायव्हर तो मोजून देतो. कमी आवळलं तर काही संपर्क अधांतरी राहतात. यंत्र सुरू होतं, पण मेमरीच्या एक-दोन पट्ट्या दिसत नाहीत, आणि लोक मेमरी बदलत बसतात.

क्रम तेवढा अजून माणसाच्या हाती आहे. स्क्रूंपाशी १, २, ३ असे आकडे छापलेले असतात, त्याच ओळीनं आवळायचे. काढताना उलटं: ३, २, १.