बिनतारी लहरी आणि दोन खोल्यांचें बिऱ्हाड

23 जुलै 1927 रोजीं व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनीं मुंबईच्या नभोवाणी केंद्राचें उद्घाटन केलें. त्याच दिवशीं हिंदुस्थान व विलायत यांच्यामधील ‘बीम’ बिनतारी तारायंत्राचाही आरंभ झाला. पहिल्या घटनेची आठवण दरवर्षीं निघते; दुसरीचा खुद्द पुणेकरांसही विसर पडल्यासारखा आहे. वास्तविक जलद इंटरनेटसाठीं घरांत कोणता राउटर घ्यावा, या विवंचनेंत असलेल्या आजच्या गृहस्थास उपयोगी पडेल असें बरेंच कांहीं या दुसऱ्या घटनेंत आहे.

या योजनेचें संदेश पाठविण्याचें ठाणें खडकीस होतें आणि संदेश घेण्याचें दौंडास. विलायतेंत त्यांचीं जोडीदार ठाणीं टेटनी व स्केगनेस येथें होतीं. एकाच कामाला दोन गांवें कशासाठीं? शेजारीं ढोल वाजत असतां दूरची कुजबूज ऐकूं येत नाहीं, हेंच त्याचें कारण. तत्पूर्वीं लांब पल्ल्याचा संदेश म्हणजे लांबच लांब लहरी आणि शेंकडों किलोवॅटची शक्ति, असा समज रूढ होता. मार्कोनी व त्याचा सहकारी फ्रँकलिन यांनीं आंखूड लहरी घेतल्या, आणि उंच खांबांवर टांगलेल्या तारांच्या पडद्यांनीं त्यांचा झोत एकाच दिशेस वळविला. मग कितीतरी कमी शक्तींत व कमी खर्चांत तेंच काम अधिक वेगानें होऊं लागलें.

त्या काळीं या लहरींवर सरकारचा कडक पहारा असे. 1933 च्या बिनतारी तारायंत्र कायद्यानें परवान्याशिवाय असें यंत्र जवळ बाळगणें हा गुन्हा ठरला. घरच्या रेडिओचा परवाना टपालकचेरींत जाऊन काढावा लागे, हें वडीलधाऱ्या मंडळींस स्मरत असेल. अमेरिकेनें 1985 सालीं लहरींचे कांहीं पट्टे विनापरवाना वापरास मोकळे केले. 1997 मध्यें वाय-फायची पहिली प्रमाणपद्धति ठरली. आणि भारतांत 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा 2005 च्या जानेवारींत घराबाहेरच्या वापरासही मोकळा झाला. 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत 2018 सालीं आणखी मोठी जागा मिळाली.

मोकळ्या रस्त्यावर गर्दी व्हावयाचीच. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग 1, 6 व 11 असे अवघे तीन. एका इमारतींत वीस बिऱ्हाडें असलीं कीं वीस राउटर त्याच तिघांवर दाटी करितात. भरीस कोणाची मायक्रोवेव्ह शेगडी त्याच पट्ट्यांत गुणगुणते. खडकी आणि दौंड यांच्यामध्यें अंतर ठेवितां आलें. शेजाऱ्याच्या भिंतीपलीकडे अंतर कोठून आणावें?

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. लहर भिंतीवर, कपाटावर आपटून परत येते व मूळ लहरींत मिसळते. त्यावरील एक परिणामकारक उपाय ऑस्ट्रेलियांतील सी.एस.आय.आर.ओ. या संस्थेंत जॉन ओसुलिव्हन व त्यांचे सहकारी यांनीं शोधिला; त्याचें अमेरिकन पेटंट 1996 चें. गंमत अशी कीं, ओसुलिव्हन पूर्वीं स्फोट पावणाऱ्या कृष्णविवरांचे संकेत आकाशांत धुंडाळीत होते. ते संकेत मिळाले नाहींत. परंतु त्या खटाटोपांतलें गणित घराघरांत कामीं आलें.

आतां भिंतींविषयीं. 2.4 गिगाहर्ट्झची लहर सुमारें 12.5 सेंटिमीटर लांबीची. ती भिंतीपार बऱ्यापैकीं जाते. 5 गिगाहर्ट्झची लहर साडेपांच-सहा सेंटिमीटरची. ती वेगवान, पण भिंतीपुढें लौकर थकते. बीड जिल्ह्यांत तलवाड्याकडे, किंबहुना साऱ्या मराठवाड्यांत, जुनें घर म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती व वर माळवद. तेथें ही आंखूड लहर एका खोलींतच अडकावयाची. पण त्याच घरचा मुलगा पुण्यास दोन खोल्यांत बिऱ्हाड करूं लागला, म्हणजे हाच दुर्गुण गुण ठरतो. शेजाऱ्याच्या लहरीही भिंतीशींच थबकतात, आणि आपला मार्ग निर्वेध राहतो.

म्हणून लहान घरास दोन्ही पट्ट्यांचा, वाय-फाय 6 पद्धतीचा साधा राउटर पुरतो. आठ शिंगांचें महागडें यंत्र घेणें म्हणजे पैशाची नासाडी. बहुतेक फोनांत दोनच एरियल असतात, त्यांना आठांचा पुरा लाभ घेतां येत नाहीं. झोताची कल्पना मात्र खरी आहे. वाय-फाय 5 पासूनचे पुष्कळ राउटर लहरींचा रोख फोनाकडे वळवितात. विकत घेतांना मागील तारेचें भोंक गिगाबिटचें आहे ना, हें अवश्य पाहावें. जुन्या यंत्रांत तें सेकंदास 100 मेगाबिटांपुढें जात नाहीं, आणि 300 च्या जोडणीचे पैसे दरमहा व्यर्थ जातात.

बहुतेक घरांत राउटर दाराशीं, चपलांच्या फडताळांत किंवा लोखंडी कपाटामागें ढकललेला असतो. मग ऐन वर्गाच्या वेळीं मुलाचा शिक्षक पडद्यावर गोठतो, आणि दोष कंपनीस मिळतो. राउटर घराच्या मध्यावर, उंच व उघड्यावर ठेवावा, म्हणजे निम्में काम झालें. टेलिव्हिजन जागचा हलत नाहीं, त्यास सरळ तार जोडावी; तेवढ्या लहरी हातांत फिरणाऱ्या यंत्रांस मोकळ्या राहतात.