माल्टचा पाक की पूड?

घरी बिअर करणाऱ्यांचा जुना वाद आहे: माल्टचा पाक घ्यायचा की कोरडी पूड? पाकाला इतिहास आहे, ते मान्यच.

१७७३ मध्ये कॅप्टन कुकनं न्यूझीलंडच्या डस्की साउंडला बिअर केली. तिथल्या झाडांचा पाला उकळला, त्यात जहाजावरचा आटवलेला माल्टचा रस आणि काकवी घातली. खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून! माल्टचा त्यावर काही उपयोग नव्हता, ही वेगळी गंमत.

मग १९२० ची अमेरिका. दारूबंदी आली, बिअर कंपन्यांचा धंदा बसला. पॅब्स्ट, अ‍ॅनहायझर-बुश यांनी माल्टचा पाक डब्यात भरून विकला. म्हणे पाव-बिस्किटांसाठी. गिऱ्हाईक काय ते समजायचं. १९३३ ला बंदी उठली, तरी घरच्या बिअरला केंद्राची सूट मिळायला १९७८ उजाडलं. (आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी करू नका.)

पण पाकात साधारण २० टक्के पाणी. डबा पडून राहिला की पाक काळवंडतो, बिअरला शिळी चव येते. पूड टिकते, फक्त दमट हवेत तिचे गोळे होतात. किलोभर पाकाऐवजी ८०० ग्रॅमच्या आसपास पूड पुरते. डब्यावरची तारीख जुनी दिसली, तर मी इतिहास बाजूला ठेवून पूडच उचलेन.