पोसाकोनाझोलच्या औषध-आंतरक्रिया

पोसाकोनाझोल हे ट्रायझोल गटातील बुरशीरोधक औषध असून ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच दिले जाते. २०२१ मध्ये कोविड-१९ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा हे नाव सर्वसामान्यांना परिचित झाले. ('काळी बुरशी' हे रूढ नाव दिशाभूल करणारे आहे, काळी पडते ती मृत ऊती, बुरशी नव्हे.) मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना हा रोग साथरोग अधिनियम, १८९७ अन्वये अधिसूचित करण्यास सांगितले.

या रोगात सामान्यतः प्रथम रुग्णालयात अँफोटेरिसिन-बी शिरेवाटे देतात आणि त्यानंतर पोसाकोनाझोलच्या गोळ्या घरी दीर्घकाळ चालू राहतात. अनेक रुग्ण मधुमेही असतात व रक्तदाब, हृदयविकार किंवा कोलेस्टेरॉलची औषधे आधीपासून घेत असतात. आंतरक्रियांचा धोका त्यामुळे घरीच अधिक उद्भवतो.

यकृत व आतड्यांतील सीवायपी३ए४ हे विकर कित्येक औषधांचे विघटन करते. पोसाकोनाझोल त्याला तीव्रतेने रोखते; परिणामी दुसरे औषध नेहमीच्याच मात्रेत घेतले तरी रक्तात साचते. सिमव्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन व अ‍ॅटोरव्हास्टॅटिन यासोबत वर्ज्य आहेत, कारण स्नायूंचा ऱ्हास होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अर्धशिशीवरील अर्गोटामिनमुळे रक्तवाहिन्या धोकादायकरीत्या आकुंचन पावतात. पिमोझाइड व क्विनिडिनमुळे हृदयाची लय बिघडू शकते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरचे सिरोलिमस वर्ज्य असून टॅक्रोलिमसची मात्रा सुरुवातीलाच सुमारे एक-तृतीयांशावर आणावी लागते. मिडाझोलॅमची गुंगी लांबते. ग्लिपिझाइड घेणाऱ्यांनी रक्तशर्करा तपासत राहावी.

उलट दिशेची आंतरक्रियाही तितकीच गंभीर आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन आणि अपस्मारावरील फेनिटॉइन पोसाकोनाझोलची रक्तातील पातळी घटवतात. येथे विषबाधेची लक्षणे दिसत नाहीत. औषध नियमित घेऊनही संसर्ग मात्र पसरत राहतो. भारतात क्षयरोगाचे प्रमाण पाहता ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही.

आम्लता कमी करणाऱ्या इसोमेप्राझोलसारख्या औषधांमुळे द्रवरूप पोसाकोनाझोलचे शोषण घटते. विलंबित-विमोची गोळ्यांवर असा लक्षणीय परिणाम होत नाही. दोन्ही रूपांच्या मात्रा वेगळ्या असल्याने एकाऐवजी दुसरे परस्पर घेता येत नाही. पोसाकोनाझोल बंद केल्यावरही विकरावरील परिणाम काही दिवस टिकतो, त्यामुळे थांबवलेली किंवा कमी केलेली इतर औषधे पूर्ववत करण्याची वेळ डॉक्टर ठरवतात.